अंगाची वाटणी

आमच्या घरमालकिणीला मी पहिल्यांदा पाहिलं ते वैनगंगेच्या घाटावर. ती गुडघ्याच्या वर पाण्यात उभी राहून काठावरच्या एका पंडिताशी भांडत होती. पायांत कॅनव्हासचे पुरुषी बूट होते आणि भांडण त्या बुटांवरूनच चाललं होतं.

“गंगाजी में जूता पहनके, माताजी? पाप लगेगा.”

“लागू दे. पाप मले लागन, तुह्या काय पोटात दुखते? साखरेची बिमारी हाय मले. एक काटा रुतला, फोड आला, त पाय कापा लागते. कापलेला पाय आनून देऊ का तुह्या गंगामायले?”

धुणं धुणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. तिने त्यांच्याकडेही एक जळजळीत नजर टाकली आणि पाण्यातून चालायला लागली. इकडच्या दगडापासून तिकडच्या दगडापर्यंत, तिथून परत. काष्टा घट्ट खोचलेला, दोन्ही हात पाण्यावर पसरलेले, ओठ मिटलेले. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, “पागल हाय थोडीशी. तिच्याच घरी राहाले येऊन राह्यले नं तुमी?”

पागल. हा शब्द पुढच्या काही वर्षांत मी तिच्याबद्दल इतक्या तोंडांनी ऐकला, की अजूनही तो आठवला की माझं डोकं तापतं. त्या पाण्यातल्या चालण्यात पागलपण काय होतं? तिच्या गुडघ्यांत आणि बोटांत संधिवात होता. जमिनीवर थोडं चाललं की कळ डोक्यापर्यंत जायची. साखर मात्र म्हणायची, चाल. एकदा कुठल्याशा लग्नाला जाताना नदी ओलांडावी लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाण्यात अंग हलकं होतं आणि गुडघा ओरडत नाही. तेव्हापासून पावसाळा सोडून बाकी सगळे महिने ती नदीत चालायची. थंडीच्या दिवसांत भर दुपारी, उन्हाने पाणी कोमट झाल्यावर. बूट तिच्या नवऱ्याचे. तो जंगलाचा ठेकेदार होता आणि तरुणपणीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. परसवाडा गावाकडे धानाची शेती होती, ती भाचा पाहायचा. भाचा तिला मामी म्हणायचा म्हणून सगळा मोहल्ला मामी म्हणायचा, आणि मीही म्हणू लागले.

माझे यजमान जंगल खात्यात कारकून. बदलीवर बालाघाटला आलो आणि मामीच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. आत पाऊल टाकलं आणि पाहिलं, तर सामाईक स्वयंपाकघरात चूल जमिनीवर नव्हतीच. विटांचा कमरेइतका उंच ओटा आणि त्यावर चूल. पाटा-वरवंटाही एका जाड फळीवर मांडलेला. आज हे सांगितलं तर कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडे बाई उभ्याने स्वयंपाक करते हे कोणी ऐकलंही नव्हतं. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा दारातच थबकल्या. “उभ्यानं रांधायचं? घरात लक्ष्मी टिकेल का?”

पलीकडच्या खोलीतून मामीचा आवाज आला, “लक्ष्मी कमळावर उभीच असते वो बाई. उकिडवी बसलेली पाह्यली का कधी?”

सासूबाईंनी त्या मुक्कामात तिच्याशी शब्द काढला नाही.

घरातल्या एकाही दाराला कडी नव्हती. मामीच्या बोटांना कडी सरकवता येत नसे, म्हणून तिने सगळीकडे सुताची वेटोळी लावली होती. कोपर अडकवून ओढलं की दार उघडायचं. डावांच्या आणि उलथन्यांच्या दांड्यांना चिंध्या गुंडाळून त्या मुठीएवढ्या जाड केल्या होत्या. लुगडं नेसताना बोटं दगा देत, म्हणून निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या होत्या आणि वरून नाडी लावली होती. पंगतीला गेली तर घरून स्टूल घेऊन जायची. एका लग्नात लग्नघरच्यांनी तिला सगळ्यांपासून लांब, गोठ्याच्या भिंतीशी बसवलं, कारण जमिनीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या वर बसून जेवणं शोभत नाही म्हणे. ती पानावरून उठली, स्टूल उचललं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन बसली. “माहे गुडघे मोडले, इज्जत नाई मोडली,” म्हणाली. वाढपी घाबरून तिला दोनदा वाढून गेला.

पण मोहल्ल्याला खरी किळस होती ती तिच्या काचेच्या नळीची. नागपूरच्या एका डॉक्टरणीने तिला लघवीतली साखर घरी तपासायला शिकवलं होतं. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर आहे, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर काळजी. मामी हे परसदारी सगळ्यांच्या देखत करायची. रंगांना तिने आपली नावं ठेवली होती: मोर, बांधी, हळद, वीट. बांधी म्हणजे तिच्याकडे धानाचं शेत. सकाळी भिंतीवरून मला आरोळी यायची, “पोरी, आज बांधी हाय वं!” किंवा, “काल त्या लग्नाचे बुंदीचे लाडू बाधले. पाह्य, हळद!” नळीवाल्या बाईच्या हातचं पाणी आम्ही पीत नाही असं शेजारच्या घरातून ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हटलं जाई. आपली लघवी आपण पाहिली तर घाण, आणि तीच दवाखान्यातल्या माणसाने पाहिली तर तपासणी. हा न्याय मला कधी कळला नाही.

आता डॉक्टरांचं सांगते, कारण मामीच्या रागाचं मूळ तिथे आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघ्यासाठी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोटात आग पडली. पोटासाठी दुसऱ्याने सांगितलं, थोडं थोडं दूध-पोहे खात राहा. साखर वाढली. साखरेसाठी सांगितलं भात बंद करा, चाला. बालाघाटात भात बंद! तिथे माणूस जेवला का असं विचारत नाहीत, भात खाल्ला का विचारतात. मग रक्ताचा दाब निघाला, तर मीठ बंद. आणि चालून गुडघे सुजले की पहिला डॉक्टर पुन्हा म्हणे, “आराम कीजिए, चलना बिलकुल मना है.” एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घातलं तर दोघेही तिच्यावरच चिडत. आणि शेवटी सगळ्यांचं एकच पालुपद, “अब उमर हो गई, माताजी.” तिची पन्नाशीही झालेली नव्हती.

अशाच एका फेरीहून ती परतली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं. ती दोन्ही तळव्यांत गडू धरून प्यायली आणि म्हणाली, “माह्या अंगाची हिस्सेवाटणी करून राह्यले हे. एकानं गुडघे घेतले, एकानं पोट, एकानं साखर. भावाभावांत बांधी वाटतात तसं. अन् मी? मी कोनाच्या हिश्शाले आली, ते त सांगा!”

कोणाच्याच नाही, हे तिलाही दिसत होतं. मग तीच एकेक गोष्ट करून पाहू लागली. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, अर्धी भाकर खाऊन घ्यायची. भात सुटत नव्हता, तर मूठभर भात, वर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. सकाळी बोटं लाकडासारखी ताठलेली असत, तेव्हा गरम पाण्यात हात सोडून बसायचं आणि मगच कामाला लागायचं. दुखण्याच्या दिवशी नदी नाही, पण खाटेवर पडल्या पडल्या पाय वर-खाली करायचे. एकादशी आणि हरतालिका तिने बंद केल्या, कारण उपासाने एकदा चक्कर येऊन ती चुलीशेजारी पडली होती. देवळातल्या बायकांनी त्यावरूनही तोंडं वाकडी केली. पण तिचं बरं चाललं होतं. दुखणं होतं, पण तिच्या आज्ञेत होतं.

आणि मग पुडी आली.

भाच्याने आणली. भाचा मनाने वाईट नव्हता. मामीवर त्याचा जीव होता आणि तिला रडतकण्हत पायरी चढताना पाहणं त्याला सोसत नव्हतं. परसवाड्याच्या बाजारात एक वैद्य बसू लागला होता. जडीबुटीची पांढरी पुडी, वात मुळासकट जातो म्हणे. मामीने आधी त्याला हाकलून लावलं. मग एका आठवड्यात दुखणं फारच उसळलं, तेव्हा पुडी घेतली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. दार कोपराने नाही, हाताने उघडलं होतं.

“पाह्य,” म्हणाली आणि माझ्यासमोर उजवा हात धरला. बोटं हळूहळू मिटली. पुरती मूठ झाकली. “पाह्य वं पोरी, मूठ झाकते.” आणि ती रडायला लागली. मीही रडले. कितीतरी वर्षांनी ती जमिनीवर मांडी घालून बसली, माझ्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेतलं, तिला तेल लावलं. दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरते, ती सगळी ती फिरली. नदीवर जाणं थांबलं. गरज काय होती? आणि निळ्या औषधाची शिशी कपाटात गेली. दुखणं गेलं म्हणजे बाकीचंही गेलं असणार, असं कोणालाही वाटेल. तिलाही वाटलं.

हिवाळा सरता सरता तिचा चेहरा गोल झाला. लोक म्हणायचे, “मामी, तब्येत सुधारली वो!” पण हातपाय काटकीसारखे होत चालले होते. घागरीतलं पाणी तिला पुरेना. नुसतं टेकलं तरी कातडीवर काळेनिळे डाग उमटत. मग टाचेला साधी भेग पडली आणि ती भरेना. चिघळली. तेव्हा कुठे एका सकाळी तिने शिशी काढली, नळी उकळली आणि भिंतीवरून मला हाक न मारता नुसती धरून उभी राहिली. मी गेले. वीट होती. भट्टीतून काढल्यासारखी लाल वीट.

तिने उरलेल्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. तिला वाटलं, विष ओळखलं, टाकलं, सुटले. दोन दिवसांनी ती ओट्यापाशी कोसळली. उलट्या, अंगात त्राण नाही, हाक मारली तर डोळे उघडेनात. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने चेहरा पाहिला, हातावरचे डाग पाहिले आणि विचारलं, “पुड़िया खाती थी?”

“हो,” मी म्हटलं.

“और एकदम बंद कर दी? ऐसे बंद नहीं करते. मर जाती.” त्याने समजावलं ते असं: त्या पुडीत जडीबुटी नाही, इंग्रजी औषधाची भुकटी असते. ती दुखणं दाबते, पण साखर वाढवते, हाडं पोकळ करते, आणि ती घेता घेता शरीर स्वतःचं बळ तयार करणं विसरतं. म्हणून हळूहळू कमी करत आणावी लागते. आता तेच औषध दवाखान्यातून, मोजून, रोज थोडं कमी करत घ्यायचं. “हमारे यहाँ तो रोज़ आते हैं ऐसे केस,” तो सहज म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर मी हे मामीला सांगितलं. तिला धड बसताही येत नव्हतं, तरी तिने डॉक्टरला बोलावून घेतलं.

“चालू केली ते चुकलं. बंद केली तेबी चुकलं. बरं. पन तुमाले मालूम होतं नं, साहेब? रोज येतात म्हनता. मंग बाजारात जाऊन सांगतलं काहून नाई?”

“वो हमारा काम नहीं है, माताजी.”

“कोनाचं हाय?”

डॉक्टरने खांदे उडवले आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. मी तिथे उभी होते. माझ्या आयुष्यात मला अनेकदा राग आला असेल, पण त्या उडवलेल्या खांद्यांचा राग अजून गेलेला नाही. त्याला ठाऊक होतं. तिथल्या कंपाउंडरला ठाऊक होतं. बाजाराचा कर वसूल करणाऱ्यालाही ठाऊक असणार. ठाऊक नव्हतं ते फक्त पुडी खाणाऱ्यांना.

पाय वाचला. टाच भरायला पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वेळ लागला. दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा वाईट आलं, आणि मूठ पुन्हा अर्ध्यावर थांबू लागली. पण चालता येऊ लागलं त्या आठवड्यात मामी म्हणाली, “चाल माह्यासंगं. परसवाड्याले जाऊ.”

बसने जंगलातून गेलो. बाजार भरात होता. वैद्य एका चादरीवर बरण्या मांडून बसला होता, मागे हाडांच्या सापळ्याचं चित्र. भोवती बायाच बाया. मामी गर्दीत घुसली.

“खाऊ नका वं हे! जहर हाय हे. माहा पाय कापा लागत होता. पाहा, हे पाहा!” तिने भर बाजारात टाचेचा व्रण दाखवला, दंडावरचे डाग दाखवले. नळीचा रंग सांगितला, दवाखाना सांगितला. तिचा आवाज फाटत होता.

वैद्य चिडला नाही. हात जोडून गोड आवाजात म्हणाला, “माताजी, आपको तो शक्कर की बीमारी है. दवा का क्या दोष? इन बहनों से पूछिए.” लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “नदीत बूट घालून फिरते तेच का हे?” आणखी हसले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. सुकलेली, काळीसावळी, चेहरा मात्र गोल. मामीचा गेल्या हिवाळ्यात होता तसा. ती भागरता. मामीच्याच शेतात वर्षानुवर्षं रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, येणारी.

“मामी, तुमी खरं सांगून राह्यल्या असान,” ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “पन तुमाले दुखलं त तुमी बसता. तुमच्या चुलीचा वटा उंच हाय. आमी बांधीत वाकतो. तुमच्याच बांधीत. सकाळपासून सांजपर्यंत चिखलात. कंबर सरळ केली त तुमचा भाचा ओरडते. पुडी नाई खाल्ली त मी उभी कशी राहू, सांगा? अन् उभी नाई राह्यली त पोट्टे काय खातीन?”

आणि तिने वैद्यापुढे हात पसरला. पुडी घेतली, पदरात बांधली आणि निघून गेली.

मामीने दंडावरची बाही खाली ओढली आणि बसची वाट धरली. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर पाहत होती. बालाघाट जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, “गुडघे मलेच हायत असं वाटत होतं मले.”

त्या वर्षी रोवणीला ती स्वतः शेतावर गेली. भाच्याने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री रोवून दिली. त्याला वाटलं, मालकीण आली, काम झपाट्याने होईल. थोडा वेळ गेला आणि मामी ओरडली, “उठा वं! कंबर सरळ करा!” बायकांना कळेना. “उठा म्हनते नं! हात मागं घ्या. आता बसा धुऱ्यावर थोडं. चहा येऊन राह्यला.” पुन्हा काही वेळाने तेच. भाचा कपाळाला हात लावून बसला. शेजारच्या शेताचे मालक दुपारी भांडायला आले. “तुमी आमचे मजूर बिघडवून राह्यल्या. आता आमच्या बायाबी म्हनतीन, उठतो.”

“उठू द्या. तुमच्या बायकोले वाकवा मंग दिवसभर. नाईतर सोता वाका!”

रोवणी लांबली. पाऊस मध्येच थांबला, एका बांधीत रोप पिवळं पडलं, आणि भाच्याने मोहल्ल्यात येऊन आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की मामीचं डोकं फिरलं आहे. पुढच्या वर्षीही ती गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. आजूबाजूच्या एकाही मालकाने तिचं अनुकरण केलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिच्यामुळे गाव बदललं वगैरे काही झालं नाही. तो वैद्य काही वर्षांनी दिसेनासा झाला, तर त्याच्या जागी दुसरा बसला.

एकोणीसशे सत्तरनंतर कधीतरी आमची बदली सिवनीला झाली. मामी त्यानंतरही बरीच वर्षं होती. बोटं वाकडी होत गेली, एका डोळ्याने दिसेनासं झालं, पण दोन्ही पाय शेवटपर्यंत तिचे स्वतःचे होते. तिच्या तेराव्याला भाच्याने आलेल्यांना सांगितलं, “मामी फार चिडकी होती, पन दिलाची चांगली.” मला तिथल्या तिथे उठून म्हणावंसं वाटलं, की चिडकी होती म्हणूनच चांगली होती. जिच्या दुखण्याकडे सगळ्या जगाने पाठ फिरवली, तिने गोड बोलत बसायचं होतं का?

पण मला तिची आठवण येते ती तेराव्याची नाही. त्या पहिल्या रोवणीनंतरची येते.

भागरता बांधीत काम करता करता पडली होती. मामीने तिला बैलगाडीत घातलं, मग बसमध्ये, आणि थेट बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. मी सोबत होते. लांब रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरने मामीला ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. भागरता दाराजवळच उभी राहिली, पदर दातांत धरून. चिखलाचे पाय फरशीला लागू नयेत म्हणून एका पायावर दुसरा ठेवून.

“क्या तकलीफ़ है इसको?” डॉक्टरने मामीला विचारलं.

“मले काहून विचारता? ते उभी हाय समोर. तिले विचारा.”

“अरे माताजी, ये क्या बता पाएगी. आप बोलिए, पुड़िया का ही केस है न?” आणि त्याने चिठ्ठी ओढून लिहायलाही सुरुवात केली.

मामीने आपला वाकडा पंजा त्या चिठ्ठीवर ठेवला. “तिनं अजून तोंड उघडलं नाई. मंग लिहून काय राह्यले तुमी?”

“माताजी, हाथ हटाइए. बाहर भीड़ है.”

“हाय न भीड. मीबी त्याच भिडीतून आली. तिचं आइकल्याशिवाय हात नाई उचलत.”

कंपाउंडर आत आला. बाहेरचे लोक कुरकुरू लागले. डॉक्टर उठून उभा राहिला, त्याने घड्याळाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. तिचा हात तिथेच होता. शेवटी डॉक्टर खाली बसला आणि त्याने पेन टेबलावर ठेवलं.

“अच्छा. बोलो बाई, क्या होता है?”

भागरताने आधी मामीकडे पाहिलं. मला वाटलं आता मामीच सांगायला सुरुवात करणार; गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण ती गप्प बसली. खाली मान घालून, चिठ्ठीवर हात तसाच ठेवून, ती थांबून राहिली.

“सकाळी…” भागरता म्हणाली आणि अडखळली. “सकाळी हात उघडत नाई, साहेब. माही पोट्टी माहे केस बांधून देते. लाज वाटते. लहान पोरगं उचलतो त हातातून सुटते. परवा सुटलं. त्याचं डोस्कं फुटता फुटता राह्यलं. नवऱ्याले नाई सांगतलं. पुडी खाल्ली त बरं वाटते, पन रातभर मुतावं लागते, अन् इथं,” तिने छातीवर हात ठेवला, “इथं धडधडते. अन् पाय सुजतात. अन् पाळी बंद झाली. हे मी कोनाले…”

डॉक्टरने हात पुढे केला आणि तिचं मनगट धरून, उजेडाकडे वळवून पाहिलं. मग दुसरं मनगट. बाहेर कोणीतरी दार ठोठावलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

“अजून हाय, साहेब,” भागरता म्हणाली. “सांगू?”

“बताओ,” डॉक्टर म्हणाला.